न उच्चारलेला नकार

आमचं गाव इंग्लंडच्या पूर्वेला, सपाट शेतांच्या मधोमध. इथे मान वर करून बघावं अशा दोनच गोष्टी : चर्चचा मनोरा आणि अ‍ॅग्नेस थर्कलबाईंची भुवई.

इंग्रजीत ‘डिस्करेज’ म्हणून एक क्रियापद आहे. बंदी घालणं वेगळं, हे वेगळं. बंदी मोडता येते. इथे मोडायला हातात काही देतच नाहीत. माणूस आपण होऊन मागे फिरतो आणि वर आभार मानतो. गावच्या सभागृहाचा सगळा कारभार थर्कलबाईंनी या एका क्रियापदावर चालवला. नवे पाद्री प्रार्थनेला गिटार घेऊन आले, तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, “अरे वा! धाडसी आहात.” गिटार पुन्हा दिसली नाही. कुणी दार जांभळं रंगवलं. “उठून दिसतं हो,” बाई म्हणाल्या. रविवारी दार पांढरं!

बाईंच्या भाजीच्या वाफ्याला लागून पर्सी पास्क घेवडा लावी. तो विधुर, बाई विधवा. संध्याकाळी दोघं कुंपणाच्या दोन बाजूंना उभी राहून हवेविषयी बोलत, मग आपापल्या घरी जाऊन एकेकटी जेवत. गावाला सगळं कळत होतं. पण दुसऱ्याच्या गोष्टीत नाक खुपसण्याची सवयही बाईंनीच मोडून टाकली होती.

एका संध्याकाळी पर्सी टाय बांधून वाफ्यावर आला.

“मिसेस थर्कल, उरलेले दिवस एका छपराखाली काढावेत, असं मनात येतं.”

“तुम्हाला उगाच त्रास कशाला, मिस्टर पास्क?”

आमच्याकडे पहिल्या विचारण्याला हो म्हणणं हावरटपणाचं. केकचा तुकडासुद्धा दुसऱ्यांदा पुढे केल्यावर उचलायचा. बाई त्या दुसऱ्या विचारण्यासाठी थांबल्या. पर्सी मात्र बाईंच्याच तालमीत तयार झालेला. टोपी उचलून, आभार मानून तो चालू लागला.

त्यानंतर तो भल्या सकाळीच येऊन घेवड्याला पाणी घालून जाई. संध्याकाळी बाई कुंपणाशी एकट्याच. मग दुकानात कानावर आलं, की पर्सी घर सोडून यॉर्कला बहिणीकडे राहायला निघालाय.

बाई न बोलावता त्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. आमच्या गावात असं कुणी करत नाही.

“वारा आहे आज,” बाई म्हणाल्या.

“आहे खरा.”

“विचारा पुन्हा.”

“काय?”

“तेच.”

“पण तुम्हीच म्हणालात...”

“मी त्रासाचं म्हटलं. नाही कुठे म्हटलं?”

“बाई, तुमच्या तोंडून ‘नाही’ या गावात ऐकलंय कुणी? तरी सगळे माघार घेतात ना!”

बाई दारातून हलल्या नाहीत. पर्सीने घसा साफ केला. “माझ्याशी लग्न कराल?”

“माझी काही हरकत नसावी.”

इतका बेभान होकार आमच्या गावात आजवर कुणी दिला नव्हता.

पर्सीने चहा केला. बिस्कीट कपात बुडवलं.

“चहात बुडवता?” बाई म्हणाल्या. “मजेशीर आहे.”

“आहेच मुळी,” म्हणत पर्सीने दुसरं बुडवलं.