‘येत्ते’ म्हणून गेलेली पाहुणी

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आले आहे. करणी, बाहेरची बाधा असलं काही कुणी काढलं की मी सरळ उठून आत जाते. त्यामुळे खाली ‘वहिनी, तुम्हीसुद्धा?’ असं लिहू नका. मला राग आलाय, आणि तो इतक्या वर्षांत उतरलेला नाही, म्हणून लिहितेय.

साधारण दोन हजार सालाच्या पुढची गोष्ट. आम्ही दुबईत, देरा भागात राहायचो. मी एका शिपिंग ऑफिसात, नवरा श्रीकांत बांधकामाच्या दगडाच्या व्यापारात. सासरे गेल्यावर सासूबाई — मी त्यांना आईच म्हणायचे — अकोल्याहून कायमच्या आमच्याकडे आल्या होत्या. श्रीकांतला पांढरा दगड बघायला क्रोएशियातल्या स्प्लिटला जायचं होतं. ‘चला सगळेच, फिरून येऊ,’ म्हणाला.

स्प्लिट म्हणजे समुद्रकाठचा एका रोमन बादशहाचा राजवाडा, आणि त्या राजवाड्यातच गाव वसलेलं. खांबांच्या चौकात इजिप्तहून आणलेला काळा स्फिंक्स, आणि वर खिडक्यांतून लोकांचे पायजमे वाळत घातलेले! वेशीबाहेर एका बिशपचा भला थोरला पुतळा. त्याच्या पायाचा अंगठा चोळला की नशीब उघडतं म्हणे... लोकांनी चोळून चोळून तो पिवळाधमक केला होता. आईंनी चोळला नाही. पदर सावरून डोकंच टेकवलं. ‘आजी, इट्स जस्ट अ स्टॅच्यू!’ आमची सई ओशाळून म्हणाली. ‘असू दे गं, मोठा माणूस दिसतोय कुणी.’ श्रीकांतचं मात्र दुबईत उचललेलं एकच — यल्ला, यल्ला, चला लवकर, अजून घंटेचा मनोरा राहिलाय, अजून तळघरं राहिलीत. बघायला आलोय की हजेरी लावायला, तेच कळेना.

मनोऱ्याच्या पायऱ्या आईंच्या गुडघ्यांना झेपणाऱ्या नव्हत्या. राजवाड्यातल्याच एका लहानशा अंगणात काळ्या कपड्यांतली एक म्हातारी दारात बसून शेंगा सोलत होती. तिच्याशेजारी आईंना बसवलं आणि आम्ही वर गेलो. परत येतो तर दोघी मिळून शेंगा सोलतायत आणि गप्पा अशा रंगल्यात, की विचारू नका! आई मराठीत, ती तिच्या भाषेत. निघताना आई म्हणाल्या, ‘येते हं.’ ती नुसती बघत राहिली. मग आईंनी तिला शिकवलंच. ‘जाते म्हणायचं नाही. येते म्हणायचं. येते.’

‘येत्ते,’ म्हातारी म्हणाली. त्या ‘ते’वर असा काही जोर, की सई हसत सुटली.

‘आणि या हो एकदा दुबईला, आमच्या घरी चहाला!’ आता हे आपण कुणालाही म्हणतो. एसटीत शेजारी बसलेल्यालाही म्हणतो. येतं का कुणी?

ही आली.

दुबईला परतल्यावर मी संध्याकाळी ऑफिसातून यायचे, तर ओट्यावर दोन कप विसळून उपडे घातलेले. ‘कोण आलं होतं, आई?’ ‘अगं, ती शेंगावाली.’ शेजारची कुणी आली असावी अशा सहजपणे सांगायच्या. आधी मला गंमत वाटली. पण हे रोजचंच झालं, आणि श्रीकांतच्या कानावर गेलं. त्याने आईंना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहेत. तरी ह्याने ठरवून टाकलं — आईला भास होतात, दिवसभर एकटी असते, उद्या गॅस उघडा राहिला तर? अकोल्याला धाकट्या भावाकडे पाठवू. खलास! आईंना विचारलं का कुणी? नाव नको. बाई शब्दकोडी सोडवते, सईचं मराठी घेते, घर सांभाळते... आणि हिला म्हणे भास होतात!

मग मी ऑफिसातून स्प्लिटला फोन लावला. श्रीकांतच्या दगडवाल्यांकडे इंग्रजी येणारी एक मुलगी होती. तिला अंगणाची खूण सांगितली, एकदा बघून ये म्हटलं. मनातून मला खात्री होती की म्हातारी वारली असणार. असल्या गोष्टींत असंच असतं ना? कसलं काय! मुलीचा फोन आला — म्हातारी ठणठणीत आहे, दारात बसून शेंगा सोलतेय. ‘आणि मॅडम, तिने एक निरोप दिलाय. मला काही कळला नाही. म्हणाली, तिकडच्या बाईला सांग, चहात साखर फार असते.’

स्प्लिटला तिच्याकडे आई पाणीसुद्धा प्यायल्या नव्हत्या. चहाचा प्रश्नच नव्हता. आणि आईंचा चहा म्हणजे नुसता पाक!

श्रीकांतला सांगितलं, तर म्हणाला, ‘आता तू पण सुरू झालीस का?’ तिकीट तो आधीच काढून बसला होता.

निघायच्या आदल्या दुपारी आईंच्या बॅगा भरायला मी सुट्टी घेतली होती. श्रीकांत हॉलमध्ये पेपर वाचत होता. आई म्हणाल्या, ‘वृंदा, तिला सांगायला हवं गं, उद्यापासून मी इथे नाही. उगीच हेलपाटा पडायचा बिचारीला.’ दोन कप घेऊन त्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. मी स्वयंपाकघरात चिवडा डब्यात भरत होते. आतून आईंचा आवाज येत होता... मग दुसरा, जाडसर. खोलीचं दार उघडलं. पॅसेजमधून पावलं वाजली. आणि हॉलपाशी कुणीतरी म्हणालं —

‘येत्ते.’

पेपरामागून श्रीकांत म्हणाला, ‘हो हो, या हं!’

बाहेरच्या दाराची चेन निघाली, दार उघडलं, लागलं. मी डबा तसाच हातात घेऊन धावले. बाहेर लिफ्ट आमच्याच मजल्यावर उभी, कॉरिडॉर रिकामा. मागे वळले तर ह्याचा पेपर मांडीवर पडलेला, चेहरा पांढराफटक. खोलीत आई पदराने डोळे पुसत होत्या. दोन्ही कप रिकामे होते.

‘कुणाला या म्हणालास तू?’

‘मी? मी कुठे काही बोललो?’

चक्क कानावर हात! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ‘मग तिकीट रद्द कर,’ मी ओरडले. ‘वृंदा, प्लीज,’ म्हणाला आणि पेपरात तोंड घातलं. भेदरला होता, मला दिसत होतं. पण चुकलो म्हणण्यापेक्षा आईला पाठवणं त्याला सोपं वाटलं.

दुसऱ्या दिवशी एअरपोर्टवर आईंनी सईचे पापे घेतले, माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग त्याच्याकडे वळून म्हणाल्या, ‘येते रे, श्री.’

हा ट्रॉली ढकलत होता. ‘चल चल आई, यल्ला, लाईन वाढतेय.’

आई क्षणभर थांबल्या, त्याच्या तोंडाकडे बघत. मग आत गेल्या. पुन्हा काही त्या आल्या नाहीत. पुढच्याच वर्षी अकोल्यात वारल्या.

आता मला स्पष्टीकरणं पाठवू नका. शेजारचा रेडिओ, मनाचे खेळ, सगळं ऐकून झालंय. जितीजागती बाई समुद्रापलीकडून आमच्याकडे चहाला कशी येत होती, ते मला खरंच माहीत नाही आणि कधी कळेल असंही वाटत नाही. श्रीकांत अजूनही म्हणतो, तो काही बोललाच नव्हता. बोलला होता! माझ्या ह्या कानांनी ऐकलंय. न दिसणाऱ्या परक्या बाईने ‘येते’ म्हटलं, तर पेपरातून मान वर न करता ‘या’ म्हणाला. आईने म्हटलं, तेव्हा ‘ये’ म्हणाला नाही.