ताईने बाद केलेला फिल्टर

माझ्या ताईला गॅरेजात सगळे ‘भिंग’ म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती, पाठीमागे मात्र मीसुद्धा म्हणायचो. इंजिनाचा धुतलेला एअर फिल्टर ती दिव्यासमोर धरायची आणि एकेक घडी बोटाने फाकवून बघायची. टाचणीच्या टोकाएवढा उजेड आरपार दिसला की तो फिल्टर बाद. मग साहेब सांगोत नाहीतर आणखी कुणी.

खडी वाहणाऱ्या अकरा गाड्या आमच्याकडे. मी मेकॅनिक, ताईकडे सामानाची खोली. आधी सगळ्या गाड्यांना कागदी फिल्टर होते. भरला की फेकायचा, नवा घालायचा. खाणीच्या रस्त्याला धूळच इतकी की एक फिल्टर महिनाभरही पुरत नसे. मग नवे साहेब आले. धुवून पुन्हा वापरायचे कापडी फिल्टर त्यांनी कुठेतरी पाहिले आणि तेच डोक्यात घेतलं. एकदा घेतले की वर्षानुवर्षं बघायला नको, शिवाय कचरा नाही.

ताईने तेव्हाच सांगितलं, “साहेब, हा धुतला की दिवसभर सावलीत वाळावा लागतो, मग धूळ चिकटावी म्हणून तेल द्यायचं. तोवर गाडी काय फिल्टरशिवाय पळणार? गाडीमागे दोन घ्या, नाहीतर कागदीच राहू द्या.”

साहेबांनी अकरा गाड्यांना बारा घेतले. बारा! वर म्हणाले, घाई असेल तर हवेच्या नळीने वाळवा. त्या जोराने कापड फाटतं, हे मी त्यांना दोनदा समजावलं. पण केबिनमध्ये बसून ज्याला सगळं कळतं, त्याला कोण काय सांगणार.

धुण्याचं काम ताईच्या गळ्यात पडलं. करायची कुरकुरत, पण चोख. पाणी आतून बाहेर सोडायची, म्हणजे धूळ आल्या वाटेने परत जाते. तेल घडीघडीवर थेंबाथेंबाने. चालक घाई करायला लागले की म्हणायची, “इंजिन तुझ्या घरचं असतं तर असा बोलला असतास का रे?”

एकदा सात नंबरच्या गाडीचा फिल्टर तिने बाद केला. कडेला बोटभर चिरला होता. लाल दोरा बांधून तिने तो खिडकीत ठेवला आणि माल उतरवून घ्यायला मागच्या बाजूला गेली. तेवढ्यात साहेब आले. गाडी भरून उभी होती आणि बारावा फिल्टर अजून ओला होता.

“हा घाल,” ते खिडकीकडे बोट करून म्हणाले.

“फाटलाय, साहेब.”

“एका फेरीने काही मरत नाही इंजिन. संध्याकाळी बदल.”

मी दोरा कापला आणि फिल्टर बसवला. ताईने विचारलं तेव्हा म्हटलं, फेकून दिला. संध्याकाळी वाळलेला बारावा तिने तपासून सातसाठी माझ्या हातात दिला, पण गाडी परत आलीच नाही, ती लांबच्या खाणीवर लागली, आणि तो फिल्टर माझ्या पेटीतच राहिला. मग मी विसरलो. खरं सांगायचं तर विसरायचं ठरवलं.

पाच आठवड्यांनी सात नंबर धूर ओकत आली. इंजिन उघडलं तर सिलिंडर घासलेले, पिस्टनच्या रिंगा झिजून संपलेल्या, हवेच्या पाइपात पिठासारखी धूळ, फिल्टरची चिर या टोकापासून त्या टोकापर्यंत वाढलेली. साहेबांनी सगळ्यांसमोर खापर ताईवर फोडलं. “एवढं निरखून बघता ना तुम्ही? मग हे काय आहे?” कागदावर लिहिलं, ‘फिल्टर धुण्यात आणि तपासण्यात हलगर्जी’, आणि तिची सही मागितली. माझ्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मी मूग गिळून बसणार याची त्यांना खात्री होती, आणि मी तसाच बसलो. आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. त्यांचा जितका राग येतो, त्याहून जास्त माझा स्वतःचा येतो.

ताईने सही केली नाही. घरात मात्र तिला चैन पडेना. “सातला तो बारावा फिल्टर मीच तपासून दिला होता ना? मग चिर मला दिसली कशी नाही?” पुन्हा पुन्हा तेच. जी बाई साहेबाला ऐकवायची, ती स्वतःच्याच नजरेवर संशय घ्यायला लागली. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडेही जाऊन आली. चष्म्याचा नंबर होता तोच होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी तिला पुन्हा सहीला बोलावलं, तेव्हा मी मागोमाग आत शिरलो. “सातला फाटका फिल्टर मी बसवला. ताईने बाद केलेलाच. यांनी सांगितलं म्हणून,” मी म्हणालो. साहेब कागद इकडचे तिकडे करायला लागले.

ताईचा आवाज चढला नाही. “कागदी फिल्टर मागवा, साहेब. आणि हे पान फाडून नवीन लिहा. मी इथेच उभी आहे.”

त्यांनी लिहिलं. तिने शब्दन् शब्द वाचला, सही केली आणि मग माझ्याकडे वळली. मला वाटलं, निदान शेवटी बोललास, एवढं तरी म्हणेल.

“डॉक्टरकडे मला तूच घेऊन गेलास,” ती म्हणाली. “मी एकेक अक्षर वाचून दाखवत होते, आणि तू शेजारी बसून ऐकत होतास.”