कॅरियरवरची जागा

नंदाबाई सरवदे यांचा संसार सायकलवर झाला. हे ऐकायला जरा जास्तच वाटेल, पण ज्यांनी विश्रांतवाडीतली त्यांची जुनी खोली पाहिली आहे ते याला हरकत घेणार नाहीत. खोली एक. तीत सासूबाई, म्हणजे बायडाबाई, दोन दीर, पुढे मुलगा अभय, आणि उरलेल्या जागेत नवरा-बायको. बायडाबाईंना दिसायचं कमी. त्याची कसर त्यांनी कानांनी भरून काढली होती. खोलीत नवऱ्याला काही सांगायचं म्हणजे ते सगळ्या घराला सांगण्यासारखं होतं, आणि त्यावर पहिलं मत बायडाबाईंचं यायचं. त्यामुळे नंदाबाई घरात ‘वाढू का’ आणि ‘आणखी हवंय का’ यापलीकडे बोलत नसत. बाकीचं सगळं सायकलवर.

त्यांचे यजमान उत्तरेश्वर सरवदे खडकीच्या फॅक्टरीत फिटर. नाव गावच्या देवाचं. छप्पन्न सालानंतर घरादारानं बौद्ध धम्म घेतला तेव्हा देव गावीच राहिला, पण नाव शाळेत घातलं गेलं होतं, ते कोण बदलत बसणार? नंदाबाई खडकी बाजारात बालवाडीच्या बाई. दोघांचा रस्ता एक, वेळ एक आणि सायकलही एकच. पुढे सरवदे, पँटच्या पायाला क्लिप लावून. मागे कॅरियरवर नंदाबाई, दोन्ही पाय डावीकडे सोडून, पर्स मांडीवर घेऊन.

बोलण्याची रीत ठरून गेली होती. फुलेनगरपर्यंत किरकोळ विषय: रॉकेल, दुधाचा नासका पुडा, धाकट्या दिराचे उद्योग. फुलेनगर मागे पडलं की महत्त्वाचं काय ते सांगायचं आणि गप्प बसायचं. सरवदे होळकर पुलावर विचार करत. पूल संपून बाजार यायच्या आत उत्तर मिळे. दिवस राहिल्याचं नंदाबाईंनी असंच सांगितलं होतं. पूल ओलांडल्यावर पुढून ‘बरं झालं’ एवढंच आलं, पण मागून त्यांना नवऱ्याचे कान लाल झालेले दिसले. अभयला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला घालायचं तेही कॅरियरवरच ठरलं, आणि कॉम्प्युटर म्हणजे नक्की काय हे दोघांपैकी कुणालाच माहीत नसल्यामुळे चटकन ठरलं.

मधल्या काळात पुण्यात ज्याच्या त्याच्या दारात स्कूटर आली. फॅक्टरीतले लोक कर्ज काढून स्कूटर घेत आणि सरवद्यांना चिकट म्हणत. नंदाबाईंनाही तसंच वाटायचं. एकदा न राहवून त्यांनी विचारलं, तेव्हा पूल संपल्यावर सरवदे म्हणाले, “स्कूटरवर मागचं माणूस बोललेलं ऐकू येत नाही.” त्यानंतर नंदाबाईंनी स्कूटरचा विषय काढला नाही. त्या दिवशी बालवाडीत त्या विनाकारण हसत होत्या आणि मुलं बाईंकडे संशयाने बघत होती.

अभय शिकला, हडपसरला आयटीत लागला, तिकडेच राहायला गेला, आणि आई-बाबांना त्याने विश्रांतवाडीतच चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेऊन दिला. दोन बेडरूम, हॉल, लिफ्ट. बायडाबाई तोवर राहिल्या नव्हत्या. आता कुणाच्या कानाची धास्ती नव्हती, हवं तिथे बसून हवं ते बोलता आलं असतं. पण सवय म्हणून काही असतं की नाही? दोघं समोरासमोर बसले की टीव्ही बघत. बोलायचं असलं की नंदाबाई म्हणत, “भाजी आणायची होती,” आणि सरवदे क्लिप शोधत.

मग विश्रांतवाडीच्या चौकात एका टेम्पोनं सरवद्यांना घासलं. सुदैवाने एकटेच होते. खांद्याचं हाड मोडलं, ते जुळलं. पण अभयने जाहीर केलं की बाबांची सायकल रस्त्यावर येणार नाही. सायकल गॅलरीत उभी राहिली. भाजी अभयच्या सांगण्यावरून दुकानदार घरी पाठवू लागला.

नंदाबाईंना गाठ लागली ती याच सुमारास. आंघोळ करताना हाताला लागली, उजव्या स्तनात. त्या एकट्याच रिक्षाने जाऊन आल्या, तपासण्याही एकट्यानेच केल्या. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढून सांगितलं की गाठ कॅन्सरची आहे, वेळेत सापडली आहे, ऑपरेशन करू. “पुढच्या वेळी मिस्टरांना घेऊन या. घरी सांगितलंत ना?”

“सांगते,” नंदाबाई म्हणाल्या.

ते ‘सांगते’ काही केल्या होईना. जेवताना सांगावं म्हटलं, तर समोर सरवदे आमटीत भाकरी कुस्करत होते. आमटी आणि कॅन्सर एका ताटात कसे वाढायचे? टीव्हीसमोर तोंड उघडलं, तर त्यांनी वळून बघितलं आणि नंदाबाई म्हणाल्या, “आवाज कमी करा.” नवऱ्याच्या पाठीला त्यांनी आयुष्यभरात काय काय सांगितलं होतं! चेहऱ्याला काहीच नाही. आणि हे सांगताना तो चेहरा कसा होईल, हे बघायची त्यांची तयारी नव्हती. त्या घाबरल्या होत्या. ऑपरेशनला थोड्या, आणि याला जास्त.

अशात एका रविवारी अभय भला मोठा खोका घेऊन आला. तो स्वतः ऑफिसच्या मंडळींबरोबर घट्ट कपडे घालून लोणी काळभोरपर्यंत सायकल मारायचा आणि तिथे पोहे खाऊन परत यायचा. त्यामुळे सायकलमधलं आपल्याला कळतं असं त्याचं मत होतं.

“बाबा, हा इनडोअर ट्रेनर. घरातल्या घरात सायकलिंग. रेझिस्टन्स ॲडजस्ट होतो, नो ट्रॅफिक, टोटल सेफ.”

खोक्यातून एक लोखंडी तिकाटणं निघालं. सायकलचं मागचं चाक त्यात पकडायचं, एक रोलर टायरला दाबून बसवायचा, आणि पायडल मारायचं. चाक फिरतं, माणूस जागेवर.

“म्हणजे जायचं कुठेच नाही,” सरवदे म्हणाले.

“पण वर्कआउट होतो ना!”

“घामच काढायचाय तर लिफ्ट बंद करून घे.”

सरवद्यांची सायकल जुन्या घडणीची, जड. तिचा मागचा स्टँड तिकाटण्याला आडवा येत होता, म्हणून अभयने तो काढला. कॅरियरच्या पट्ट्याही पकडीच्या आड येत होत्या, म्हणून कॅरियर काढलं. नंदाबाई चहाचे कप घेऊन आल्या तेव्हा कॅरियर फरशीवर पडलेलं होतं.

“ते कशाला काढलंस?”

“आई, त्याचा आता काय यूज आहे?”

 कॅरियर माळ्यावर गेलं. पुढच्या चाकाखाली ठोकळा बसला, सायकल हॉलमध्ये टीव्हीकडे तोंड करून उभी राहिली, आणि अभयने टीव्हीवर कुठल्याशा परदेशातला डोंगरातला रिकामा रस्ता लावून दिला. सरवद्यांनी तो बराच वेळ पाहिला.

“इथे कर्फ्यू लागलाय का?” त्यांनी विचारलं.

तरी दुसऱ्या दिवसापासून ते सायकलवर बसायला लागले. मुलानं आणलंय, तर वापरायला नको? इस्त्रीचा शर्ट, पँटला क्लिप, अशा तयारीनं ते हॉलमध्ये निघत. नंदाबाई केर काढत समोरून गेल्या तर घंटी वाजवत. त्यांनी रस्ता दिला की पुढे, म्हणजे जागेवरच, जात.

नंदाबाईंनी एक दिवस धीर केला. समोर जाऊन उभ्या राहिल्या. सरवद्यांनी पायडल थांबवलं.

“काय?”

“चहा टाकू?”

“आत्ताच झाला की.”

त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याला धरून रडल्या. डॉक्टरीणबाईंचा फोन येऊन गेला होता. ऑपरेशनची तारीख ठरवायची होती, मिस्टरांना आणायचं होतं. मग तोंड धुऊन त्या बाहेर आल्या.

“माळ्यावरचं कॅरियर काढा आणि बसवा.”

“कशाला?”

“बसवा म्हटलं ना.”

 सरवदे स्टुलावर चढले, कॅरियर काढलं, पाने काढले. पट्ट्या पकडीच्या बाहेरून जातील अशा वाकवल्या, दोनदा सोडून पुन्हा आवळल्या. काम संपल्यावर त्यांनी कॅरियरवर दोन्ही हातांनी भार देऊन पाहिला, फडक्याने त्यावरची धूळ पुसली, आणि कपडे बदलायला आत गेले. बाहेर आले ते क्लिप लावूनच.

नंदाबाई स्टुलावर पाय देऊन चढल्या. दोन्ही पाय डावीकडे. पर्स मांडीवर, ती का घेतली हे त्यांनाही सांगता आलं नसतं. समोर शर्टाची पाठ आली. तिचा साबणाचा वास ओळखीचा होता.

“बसलीस?”

“हं.”

सरवद्यांनी पायडल मारलं. रोलर घुमू लागला. तिकाटण्यावरच्या सायकलला मागच्या माणसाचं वजन जाणवायचं काही कारण नव्हतं.

“जड लागतंय,” सरवदे म्हणाले.

“वय झालं तुमचं.”

टीव्ही बंद होता, त्यामुळे समोर भिंत होती. नंदाबाई आधी किरकोळ बोलल्या. दुकानदार वांगी किडकी पाठवतो. अभय वाळलाय. खालच्या मजल्यावरच्यांनी दारात चपलांचं दुकान मांडलंय. सरवदे हूं हूं करत होते. मग फुलेनगर मागे पडलं असेल असा अंदाज घेऊन त्या म्हणाल्या, “अहो, माझ्या छातीत गाठ आहे. तपासून घेतली. कॅन्सरची आहे. डॉक्टरीणबाई ऑपरेशन करू म्हणतात. वेळेत सापडली म्हणतात.”

सांगून झालं. इतकं सोपं होतं. नंदाबाईंना एकदम हलकं वाटलं आणि त्या सवयीने गप्प बसल्या.

सरवदे पायडल मारत होते. पूल यायला हवा होता, मग बाजार. त्यांचा वेग वाढला. टायर रोलरवर घासून तापल्याचा वास यायला लागला. रोलरची घरघर वाढत वाढत सगळ्या हॉलमध्ये भरली. भिंत जिथल्या तिथे होती. शर्टाची पाठ भिजली, आणि ती नुसती दमाने हलत नव्हती हे नंदाबाईंना मागून कळलं. रस्त्यावर चार लोक बघतात म्हणून त्या नेहमी सीटची कड धरत. आज त्यांनी नवऱ्याच्या कमरेला हात घातला.

“अहो, बास. थांबा आता.”

सरवदे थांबले नाहीत.

“थांबलो तर मागं बघावं लागेल,” ते म्हणाले.

नंदाबाईंनी मोकळ्या हाताने पदराने डोळे पुसले, केस सारखे केले.

“बघा,” त्या म्हणाल्या.

पायडल थांबलं. चाक थोडा वेळ आपलं आपणच फिरत राहिलं, मग तेही थांबलं. सरवद्यांनी एक पाय फरशीवर टेकवला आणि मागं वळून बघितलं.