आमच्या घरचे खाणमालक

आमच्या ह्यांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर ते थेट खाणीचे मालक झाले. खाण आफ्रिकेत, मालक शहाद्यात.

ही विद्या चौकातल्या चहाच्या टपरीवर मिळते. तिथे सकाळी चार पेन्शनर बसतात. शेजारच्या प्रकाशा गावची बस वेळेवर येईल का, हे त्यांना सांगता येत नाही. पण कुठल्या खाणीत किती सोनं उरलंय आणि प्लॅटिनमला पुढे कसे दिवस येणार, हे ते छातीठोकपणे सांगतात. प्लॅटिनम त्यांच्यातल्या एकानेही पाहिलेलं नाही. ह्यांनी मला त्याचं वर्णन केलं, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर स्टीलचं ताट आलं.

मग ह्यांची नजर माझ्या आईच्या पाटल्यांवर गेली. त्या मी लेकीच्या लग्नासाठी ठेवल्या होत्या.

"घरमा सोनं ठेईसन काय करतस?" हे म्हणाले. "आते आपन खाननाच मालक!"

मी भांडले, अबोला धरला. पण कपाटाची किल्ली ह्यांच्याकडे. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी पाटल्या सराफाकडे मोडल्या गेल्या आणि दुपारी मुहूर्त साधून मोबाईलवर खाणीच्या कंपनीचे शेअर आले. संध्याकाळी बघते तर अखाजीच्या घागरीशेजारी पाटावर मोबाईल, आणि त्याच्या काचेवर हळदकुंकू. एवढा शिकलेला माणूस! मला लाज वाटली.

शेअर चढले. टपरीवरचे बाकीचे विकून मोकळे झाले. हे मात्र हलायला तयार नाहीत.

"अखाजीले लेयेल सोनं कोनी इकस का?"

आमच्याकडे अखाजीचं सोनं विकत नाहीत, हे खरं. पण ते अंगावर घालायच्या सोन्याचं. ह्यांनी धंद्यातला वाटा दागिन्यासारखा जपला. पुढे खाणीत पाणी भरलं, मग मजुरांनी काम बंद केलं आणि शेअर गडगडले. सोन्याचा भाव मात्र चढतच होता. हे रोज पेपर नाचवत यायचे. "दखं, वाढी ऱ्हायनं!"

"वाढी ऱ्हायनं ते सराफनं," मी म्हणायचे. "तुमनं पानीमा शे."

लेकीचं लग्न अक्कलकुव्याला ठरलं. तिकडच्या बायका दागिने बघायला येणार होत्या. लेक म्हणाली, "नाना, शेअर इकी टाका. उरनं त्यामा काय येई ते लेऊत."

ह्यांनी पुन्हा तीच टकळी लावली. अखाजीचं सोनं, घरातली लक्ष्मी, ती कशी विकायची.

लेकीचा आवाज चढला नाही. "आजीन्या पाटल्या इक्यात, तवय बी अखाजीच व्हती ना, नाना?"

मी इतकी वर्षं भांडले, पण हे मला कधी सुचलं नव्हतं. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग मोबाईल लेकीच्या हातात दिला.

सगळं विकून एक बांगडी आली. पातळ. टपरीवर हे अजूनही प्लॅटिनमवर बोलतात, आणि लोक ऐकतात. लेक सणाला येते तेव्हा ती बांगडी आठवणीने घालून येते. चार बायकांत बसली की दुसरा हात ती पदराखाली ठेवते.