कूस बदलण्याचा तक्ता

पंचेचाळिसाव्या वर्षी मी नर्स प्रॅक्टिशनर झालो. वीस वर्षं वॉर्डात 'ब्रदर' म्हणून काढल्यावर दोन वर्षं होस्टेलवर राहून अतिदक्षता विभागातलं वरचं शिक्षण घेतलं. ते संपवून कामतघरला घरी आलो, आईचं अंग पुसायला तिला कुशीवर वळवलं आणि माकडहाडाजवळ जखम दिसली. बाटलीच्या बुचाएवढी, कडा काळ्या पडलेल्या.

अर्धांगवायूमुळे आई तीन वर्षं अंथरुणावर आहे. होस्टेलला जाताना मीच भिंतीवर तक्ता चिकटवला होता. दर दोन तासांनी कूस बदलायची आणि चौकटीत खूण करायची. बायकोने एकही चौकट रिकामी ठेवली नव्हती.

"ही कालची सकाळी दहाची खूण. तेव्हा तू बालवाडीत शिकवत होतीस," मी ओरडलो.

"होते ना. मग काय करू? रविवारी आलात की तुम्ही आधी तक्ता बघता, मग आईंना. एकटीने वळवून बघा त्यांना. कंबर गेली माझी."

"मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर आला असतात?"

नसतो आलो. आणि दुसरंही एक होतं, जे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. स्टाफ कमी असायचा तेव्हा मीही ड्युटी संपताना एका बैठकीत सगळ्या चौकटी भरल्या आहेत. एका म्हाताऱ्याच्या पाठीवर अशीच जखम झाली, तेव्हा मी कागदावर लिहिलं, 'दाखल होतानाच होती.' त्याच्या मुलाने जाताना माझे हात धरून आभार मानले. मी ते स्वीकारले.

त्याच आठवड्यात दोन नोकऱ्या चालून आल्या. ठाण्याच्या एका हॉस्पिटलात अतिदक्षता विभागात, ज्यासाठी शिकलो तेच काम. पण बारा तासांची ड्युटी, वर जाण्यायेण्याचे तीन-चार तास. दुसरी दापोड्याच्या गोडाऊनमधल्या प्रथमोपचार खोलीत. आठ ते चार, कापलेली बोटं बांधायची, ड्रायव्हरांचं बीपी बघायचं. दुपारी स्कूटरने घरी येऊन आईला वळवून परत जाता आलं असतं. दोघांनाही सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं. तीन दिवस मी फोन हातात घेऊन नुसता बसून होतो. ठाण्याला गेलो तर ही जखम हाडापर्यंत जाईल, हे मला कुठल्याही डॉक्टरपेक्षा आधी कळत होतं.

सोमवारी बालवाडीला सुट्टी होती. बायकोसमोरच दापोड्याला फोनवर 'येतो' म्हणून सांगितलं. वाटलं, तिला बरं वाटेल.

"चिकटपट्ट्या लावायला?" ती म्हणाली. "मी दोन वर्षं याच्यासाठी काढली?"

"आईसाठी—"

"आईंचं नाव पुढे करू नका. जाताना विचारलं नाहीत, येतानाही नाही."

ती रडत होती. ठाण्याला गेलो असतो तर आईचा गुन्हेगार, आता हिचा.

आत आई कण्हली. "पाठ दुखतीय रं."

बारा कधीच वाजून गेले होते. आम्ही दोघांनी चादरीची टोकं धरून तिला वळवलं. जखमेचा वास आला. बायकोने सवयीने पेन उचललं आणि बाराच्या चौकटीपाशी नेलं. मी तिचा हात धरला. पेन घेऊन चौकटीच्या वर पाऊण वाजल्याचं लिहिलं आणि बाराची चौकट रिकामी ठेवली.