नायकाने रचलेली लेंगी

माझा बा आमच्या बंजारा तांड्याचा कवी. तांडा सेनगावच्या पुढे, आणि बा रचायचा गोरमाटीत, आमच्या घरच्या बोलीत. होळीला गडी नंगारा वाजवत लेंगी गातात, ती चिडवाचिडवीची गाणी. दर होळीला बाची नवी लेंगी आणि तिच्यात नायकाची, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाची, हमखास फजिती. कधी त्याचा बंद पडलेला ट्रॅक्टर, कधी त्याचं घोरणं. नायक वरवर चिडायचा आणि पुढच्या वर्षी ऐकायला सगळ्यांच्या आधी हजर.

गेल्या हिवाळ्यात बाला लकवा मारला. हातपाय सावरले, पण वाचा गेली. हिंगोलीचे डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणारही नाही. एवढं सांगायला डॉक्टर कशाला हवा! मी शाळेत शिकवते, म्हणून बालाही शिकवायला बसले. ‘पाणी म्हण, भाकर म्हण.’ तो भिंतीकडे तोंड फिरवायचा. मी पार धास्तावले होते. गाणी तांड्याच्या तोंडी होती, ती राहिली असती. मला त्याचा तो खवचट आवाज हवा होता.

होळीला नंगारा आमच्याच अंगणात आला. बाला खाटेवर बसवलं. यंदाची लेंगी नायकाने रचली होती, खुद्द बावर. चाल बाचीच, पण शब्द असे की बा म्हणजे तांड्याचा दिवा, तांड्याची शान. याडीने, माझ्या आईने, डोळ्याला पदर लावला. मीही रडले. बाचा चेहरा लाल झाला, ओठ थरथरायला लागले. पुन्हा झटका आला, असं वाटून मी धावले.

त्याने मला ढकललं.

“बंद करा!” तो ओरडला. गोरमाटीतच, अडखळत. “मी मेलो न्हाई आजून. जित्या माणसाची... येवढी तारीफ... कोन करतं?”

नंगारा थांबला.

नायक खाटेजवळ आला. “मंग कर माझी फजिती. कर की!”

बाने त्याचं तोंड न्याहाळलं. शब्द एकेक करून आले. “मिशी... रंगवली. भुवया... राहिल्या.”

सगळं अंगण हसलं. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

बा अजून अडखळतोच. ती ओळ मात्र बाजारापर्यंत पोचली. पसरवतो कोण? नायकच. भेटेल त्याला स्वतःच्या पांढऱ्या भुवया दाखवतो आणि सांगतो, “आमचा कवी बोलला. माझ्यावरच बोलला.”