बनसोडे सर आणि फायलींची खोली

बनसोडे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी जुन्या जालन्यात ज्वारी घेत होते. मला आधी खोटंच वाटलं. आमच्या कंपनीच्या ग्रुपवर याआधी एका जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहून झालेली आहे. म्हणून मी आणखी तीन ठिकाणी फोन करून खात्री केली. संशयाला औषध नाही म्हणतात, ते माझ्यासारख्यांना बघूनच. बातमी खरी निघाली... त्याला आता दीड महिना झाला.

सर आमच्या बियाण्याच्या कंपनीत पगाराचं आणि कामगार कायद्याचं सगळं बघायचे. मूळचे टेंभुर्णीचे. माझी नोकरी त्यांच्याच हाताखाली सुरू झाली. त्यांची एक खोड होती. परदेशी माणूस कामावर घेतला की त्याचा करार, पोलिसांकडची नोंदणी, पीएफचा फॉर्म, पगाराची चिठ्ठी, सगळं त्याला समजावून सांगायचं आणि मग त्याच्याकडूनच उलट ऐकायचं. "आता मी नवा माणूस. मला सांगा, यात काय लिहेल हाय?" सांगता आलं नाही तर सही नाही. मग मालकांचे कितीही फोन येवोत.

मिरचीच्या वाणांवर काम करायला थायलंडहून नोई नावाची बाई आली आणि सर दर गुरुवारी दुपारी तिला घेऊन फायलींच्या खोलीत बसायला लागले. दार लावून. एक गुरुवार झाला, दोन झाले, पाच झाले... एकदा ती डोळे पुसत बाहेर आली. मी विचारलं तर सर एवढंच म्हणाले, "कागदाचं काम करून राह्यलो, मॅडम." कागदाचं काम दार लावून कोण करतं? कॅन्टीनमध्ये कुजबुज होतीच, तिला मी खतपाणी घातलं. मला वाटलं, एक तर भलतंच काही आहे, नाहीतर परक्या मुलखातली बाई कागदांत अडकलेली बघून हा माणूस तिच्याकडून काहीतरी उकळतोय. मी कंपनीच्या मोठ्या साहेबांकडे तक्रार घेऊन गेले. माझं नाव गुप्त ठेवा, असंही सांगितलं.

चौकशी झाली. नोईनं फोनवरच्या भाषांतरातून सगळं सांगितलं. परदेशी माणसाचा पीएफ पूर्ण पगारावर कापतात आणि तिच्या देशाशी आपला तसा करार नसल्यामुळे ती रक्कम अठ्ठावन्न वर्षांची होईपर्यंत तिच्या हातात पडणार नव्हती. तिला वाटलं होतं, कंपनी आपल्याला लुटतेय. ती सामान बांधून निघालीच होती, सरांनी तिला कायदा पुन्हा पुन्हा समजावून थांबवलं होतं. दार का लावलं, याचं उत्तर मात्र सरांनीच दिलं. "माणसाला कळून न्हाई राह्यलं, हे चारचौघांनी कशाला पाह्यचं?"

साहेबांना पटलं. पण बोभाटा व्हायचा तो झाला होता. सरांना गोदामावर पाठवलं आणि त्यांची खुर्ची मला मिळाली. निवृत्त होईपर्यंत ते रोज भेटायचे, "काय मॅडम, बराबर चाललंय ना?" म्हणून हसायचे. मला त्या हसण्याचाही संशय यायचा. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. तक्रार कुणी केली हे त्यांना माहीत होतं की नाही, ते विचारायची माझी कधी छातीच झाली नाही.

परवा त्यांच्या घरी गेले ती, खरं सांगायचं तर, एवढ्यासाठीच. काकूंनी चहा दिला. मी आडून आडून विचारलं, सर माझ्याबद्दल कधी काही बोलायचे का?

"माहीत होतं की त्यांला," काकू म्हणाल्या. "पह्यल्या दिवसापासून."

"मग मला बोलले का नाहीत?"

"मी बी तेच इचारलं. मंग म्हणले, त्या दाराला आतून कडीच न्हाई. तिनं एकदा ढकलून तं पाह्यचं होतं..."

दुसऱ्या दिवशी मी कंपनीत लवकर गेले. त्या खोलीतून मी इतकी वर्षं फायली आणते, पण आत जाऊन दार लावायची वेळ कधी आली नव्हती. काकूंनी मला टोचायला म्हणून सांगितलं असेल, असंही वाटेत मनात येऊन गेलं. आत शिरले, दार लोटलं. कडी नव्हती. कधीकाळी असेल, तिच्या स्क्रूंची चार भोकं तेवढी होती, तीही जुन्या रंगानं बुजून गेलेली. माझी मलाच लाज वाटली. फायलींच्या गठ्ठ्यावर बसले आणि दीड महिन्यात पहिल्यांदाच सरांसाठी रडले.